तिमोरास्सो: खरंच वाचवलेला वाण, की लेबलवरची गोष्ट?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: ‘भाची मिलानला असते. या खेपेला तिने पांढऱ्या वाईनची एक बाटली आणली. लेबलवर “तिमोरास्सो” असं नाव, सेंद्रिय शेतीचं हिरवं पान, आणि मागे लिहिलंय की हा जुना वाण जवळजवळ संपला होता, आमच्या छोट्या वायनरीने तो परत आणला. आमची दिंडोरीला साडेतीन एकर बाग आहे, म्हणून उत्सुकता. वाण परत आणतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि आपल्याकडे लावला तर चालेल का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही चालणार. का, ते शेवटी. पहिल्या प्रश्नावर मात्र जरा बसून बोलावं लागेल.

मी वीसेक वर्षं नाशिक भागात वाईन करतो. आपला हंगाम मार्चमध्ये आटोपतो आणि त्यांचा सप्टेंबरात सुरू होतो, त्यामुळे मधल्या काळात तीन वर्षं मी तोर्तोनाच्या टेकड्यांत एका सात हेक्टरच्या सेंद्रिय वायनरीत राबलो. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढे तिथे मी घातलेला एक गोंधळही सांगायचा आहे.

तोर्तोना म्हणजे इटलीच्या वायव्येकडच्या पिएमोन्ते प्रांताचं आग्नेय टोक, जिल्हा आलेस्सांद्रिया. जिनोव्हा बंदरातून मिलानला जाणारी वाट इथूनच जाते. रोमन काळात या गावाला ‘देरतोना’ म्हणत, आणि हे नाव पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा. गावामागे अपेनाइन पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या आणि त्यांतून उतरणाऱ्या लहान नद्यांची खोरी आहेत: कुरोने, ग्रुए, ओस्सोना, बोर्बेरा. माती करडी-निळसर, चुन्याची, चिकण. ओली असली की बुटाला अशी धरून बसते की पाय उचलताना बूट मागे राहतो, आणि वाळली की ढेकळाचे पापुद्रे हाताने सुटतात. भूगर्भशास्त्रात १ कोटी १६ लाख ते ७२ लाख वर्षांपूर्वीच्या काळाला ‘तोर्तोनियन’ म्हणतात ते याच गावावरून. त्या काळाचा नमुना म्हणून जे थर धरले जातात ते कास्तेल्लानियाजवळ आहेत. कास्तेल्लानिया हे सायकलपटू फाउस्तो कोप्पीचं जन्मगाव. तिथल्या म्हाताऱ्यांसमोर मातीचा विषय काढलात की ते पाच मिनिटांत कोप्पीवर येतात, एवढं ध्यानात ठेवूनच विषय काढावा.

या टेकड्यांवरचं जुनं पांढरं द्राक्ष म्हणजे तिमोरास्सो. ते संपत कशामुळे आलं? लेबलवर बहुतेक वेळा ‘विस्मृतीत गेलं’ असं लिहितात. विस्मृती वगैरे काही नाही. शेतकऱ्यांनी डोळे उघडे ठेवून, हिशेब करून ते उपटलं.

तुम्ही बागायतदार आहात, त्यामुळे या झाडाचे दोष तुम्हाला एका दमात समजतील. एक, फुलोऱ्यात सेटिंग, म्हणजे फळधारणा, धड होत नाही. एकाच घडात काही मणी हरभऱ्याएवढे, तर त्यांच्यामध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे शॉट बेरी. दोन, माल पिकत आला की मणीगळ. वारा आला, हात लागला की टपटप. तीन, झाडाला जोर भयंकर. शेंडा मारून पाठ फिरवावी तर बगलफुटी वर आलेल्या. एवढं करून माल कमी तो कमीच, आणि तोही कोणत्या वर्षी किती येईल याचा भरवसा नाही.

आता इतिहास जोडा. १८७९ मध्ये फायलोक्झेरा, म्हणजे द्राक्षाची मुळं पोखरणारा किडा, इटलीत दिसला आणि पुढच्या काही दशकांत जुन्या बागा मुळांसकट गेल्या. अमेरिकन खुंटावर कलमं करून सगळं नव्याने लावायचं होतं. नवी लागवड करताना कोणता शेतकरी मणी गाळणारा वाण निवडेल? लालसाठी बार्बेरा होता, कुठेही लावा, भरून देतो. पांढऱ्यासाठी कोर्तेझे, ज्याच्यापासून शेजारच्या ‘गावी’ नावाच्या भागात ‘गावी’ याच नावाची वाईन करतात. दोन्ही भरवशाची. त्यात दोन महायुद्धं, आणि नंतर कारखान्यांची हाक. या कुरोने खोऱ्यातल्या वोल्पेदो गावचा चित्रकार ज्युसेप्पे पेल्लीत्सा याने १९०१ मध्ये पुरं केलेलं मजुरांच्या मोर्चाचं भलंमोठं चित्र मिलानमध्ये आहे. त्यातल्या चेहऱ्यांसाठी त्याने आपल्या गावचीच माणसं समोर उभी केली होती. पुढच्या पिढ्या खरोखरच चालत्या झाल्या, जिनोव्हा-मिलान-तोरिनोच्या गिरण्या-कारखान्यांकडे. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी कमी कष्टाचं आणि जास्त मालाचं तेवढं ठेवलं.

हिशेब आकड्यांत मांडून बघा. हेक्टरी पाच टन माल आला, त्यातून शेकडा पासष्ट रस निघाला, तर साधारण सव्वातीन हजार लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या चार हजार तीनशेच्या आसपास बाटल्या. दुसऱ्या वाणाने दहा टन दिला की बाटल्या दुप्पट. वाईन जोवर डेमीजॉन, म्हणजे काचेचे मोठे बुधले, भरभरून, लिटरच्या भावाने, ‘एक पांढरी द्या’ असं म्हणत विकली जात होती, तोवर दोन्हींना भाव एकच. अशा बाजारात पाच टनवाला टिकत नाही. आपल्याकडे नाशिकला भोकरी आणि फकडी होत्या, मराठवाड्यात दौलताबादकडे पंढरी साहेबी होती. थॉम्पसन सीडलेस आल्यावर त्यांचं जे झालं, त्याला कोणी ‘विस्मृती’ म्हणतं का? बाजाराला बिनबियांची हवी होती, विषय संपला.

म्हणजे वाण परत आणायचा तर आधी भाव वेगळा मिळवावा लागतो. हे काम ज्या माणसाने सुरू केलं त्याचं नाव वॉल्टर मास्सा, गाव मोनलेआले. घरच्या बागेत इकडेतिकडे तिमोरास्सोची झाडं उरली होती. त्यांची द्राक्षं इतर पांढऱ्यात न मिसळता १९८७ मध्ये मास्सांनी त्यांची वेगळी वाईन केली. मग हळूहळू लागवड वाढवली, ‘कोस्ता देल व्हेंतो’ आणि ‘स्तेर्पी’ अशा एकेका उताराच्या वेगळ्या बाटल्या काढल्या. आजूबाजूचे काही तरुण उत्पादक मागून आले. मास्सांची खरी हुशारी मला दुसरीकडे दिसते. वाणाचं नाव कोणीही वापरू शकतो, उद्या दुसऱ्या देशातही तो लावता येतो. म्हणून बाटलीवर जागेचं नाव यावं असा त्यांनी आग्रह धरला, आणि ते जुनं रोमन नाव ‘देरतोना’ वर काढलं. आज त्या टेकड्यांवर तिमोरास्सो शेकडो हेक्टरवर आहे. त्याच प्रांतातल्या बारोलो-बार्बारेस्को या लाल वाईनच्या प्रसिद्ध भागांतली व्हिएत्ती, बोर्गोन्यो, रोआन्या ही नावाजलेली घराणीसुद्धा तिथे येऊन देरतोना करू लागली आहेत.

तर तुमच्या बाटलीमागचं ‘आम्ही परत आणला’ हे वाक्य मी अर्धं खरं धरेन. मरता मरता वाचवण्याचं काम आधीच झालंय. लहान वायनऱ्या आता जे करतात ते दुसरं, आणि माझ्या मते जास्त किचकट: वाण नुसता जिवंत न ठेवता तो वर्षानुवर्षं नीट पिकवायचा, आणि तोही सेंद्रिय नियमांत. ते कसं चालतं, ते मी जिथे होतो तिथलंच सांगतो.

सुरुवात काड्यांपासून होते. नर्सरीतून एकाच निवडीची कलमं घेतली की सगळी बाग एकसारखी, आणि एखादा दोष असला तर तोही बागभर. आमच्या मालकीणबाईंचे वडील, वय ब्याऐंशी, ऑगस्ट-सप्टेंबरात जुन्या ओळींतून लाल लोकरीचे तुकडे घेऊन हिंडायचे. जे झाड बरं वाटेल त्याच्या खोडाला धागा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झाड बरं दिसलं तर दुसरा धागा. तीन धागे झाले की हिवाळ्यात त्या झाडाच्या काड्या घ्यायच्या. मी पहिल्या वर्षी मोठ्या उत्साहाने सर्वांत भरगच्च, सुरेख सेटिंगचे घड असलेली झाडं दाखवली. त्यांनी मान हलवली, एक मणी माझ्या तोंडात घातला आणि एक स्वतःच्या. पाणचट. मग शेजारच्या, जरा विरळ घडाच्या झाडाचा. त्यात आंबट, गोड, कडसर सगळं होतं. विरळ झाडाला धागा मिळाला.

इथे एक गोष्ट म्हाताऱ्यांच्या नजरेला सापडत नाही आणि प्रयोगशाळेला सापडते. शॉट बेरी हा तिमोरास्सोचा स्वभाव आहे, पण फॅनलीफ नावाचा विषाणू झाडात असला तरी शॉट बेरी होतात. दोन्ही घड दिसायला सारखेच. तपासणी न करता ‘वाणच असा आहे’ म्हणून काड्या वाढवल्या तर तुम्ही वाणाबरोबर रोगही वाढवता. तीन धागे मिळालेल्या अकरा झाडांपैकी चार झाडं तपासणीत गेली. आजोबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

नवी लागवड करण्याऐवजी त्यांनी जुन्या बार्बेराचाच एक तुकडा बदलला. खोड कापायचं, वसंतात रस चढला की त्यावर डोळा बसवायचा. आपल्याकडे थॉम्पसनच्या खोडावर नवा वाण चढवतात तसंच. मुळं जुनी, खोल गेलेली, त्यामुळे दुसऱ्या वर्षी थोडा आणि तिसऱ्या वर्षी बऱ्यापैकी माल. खरी अडचण वेगळीच निघाली. मुळांची ताकद जुनी आणि वरचा वाण आधीच मस्तवाल, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात आम्ही फुटी काढता काढता रडलो. त्या ओळींत गवत मुद्दाम वाढू दिलं, झाडाशी पाण्यासाठी भांडायला. नाशिकचा माणूस बागेत मुद्दाम गवत वाढवतोय, हे माझ्या वडिलांनी फोटोत बघितलं असतं तर मला घरी बोलावून घेतलं असतं.

आता सेंद्रियचा भाग. यावर लोकांचा भाबडेपणा फार आहे, म्हणून जरा रेंगाळतो. सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही असं कोणी सांगितलं तर त्याला बाग दाखवा. डाऊनी तिकडेही आहे, भुरीही आहे, दोन्ही बुरशीचे रोग. मुख्य हत्यारं दोनच, तांबं आणि गंधक, आणि त्यातल्या तांब्याला युरोपात मर्यादा आहे: सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला चार किलो. ही मर्यादा किती तोकडी आहे ते आपल्या भाषेत सांगतो. आपण एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, करतो तेव्हा शंभर लिटरला एक किलो मोरचूद घालतो. मोरचुदात तांबं सुमारे चौथा हिस्सा. हेक्टरी हजार लिटर मारलं तर दहा किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबं. एका फवारणीत वर्षाचा निम्म्याहून अधिक कोटा संपला! त्यामुळे तिकडे बोर्डो अशी सढळ हाताने मारत नाहीत. बारीक दळलेलं तांबं, दर खेपेला दोन-अडीचशे ग्रॅम, पावसाचा अंदाज बघून पाऊस पडायच्या आदल्या संध्याकाळी. पाऊस वीस-पंचवीस मिलिमीटरच्या वर गेला की धुऊन गेलं समजायचं आणि पुन्हा मारायचं. मे-जूनमध्ये मालकीणबाई जेवताना फोनवर हवामान बघायच्या आणि नवरा काही बोलला की हात वर करायच्या, थांब.

दुसरा शत्रू आपल्याकडे नाही, आणि न येवो. फ्लाव्हेसेन्स दोरे नावाचा रोग. एक तुडतुडा झाडाचा रस शोषताना तो पसरवतो. पानं कडेने पिवळी पडून खाली वळतात, काडी पिकत नाही, रबरासारखी लवते, घड वाळतो. औषध नाही, झाड उपटायचं. पिएमोन्तेला या रोगाने बेजार केलंय, आणि तुडतुड्यावर फवारणी तिथे कायद्याने सक्तीची आहे. सेंद्रिय बागेलाही सूट नाही. त्यांना वनस्पतीजन्य पायरेथ्रम वापरावा लागतो, आणि तो उन्हात काही तासांत निकामी होतो. म्हणून फवारणी रात्री, डोक्याला दिवा बांधून. जमिनीसाठी एक ओळ सोडून एक ओळ बाकला आणि जव यांचं मिश्रण पेरतात, आपल्या ताग-धैंच्यासारखं हिरवळीचं खत म्हणून, आणि वसंतात लोळवतात. त्या चिकण उतारावर हे केलं नाही तर एका वळवाने माती खालच्या रस्त्यावर.

आता माझा गोंधळ. आपल्याला सवय घड मोकळा करायची: हवा खेळली पाहिजे, फवारणी आत गेली पाहिजे. दुसऱ्या वर्षी जुलैत मालकीणबाई चार दिवस बाहेरगावी होत्या आणि मी गडी घेऊन दोन ओळींची घडाजवळची पानं दोन्ही बाजूंनी साफ केली. भुरी येणार नाही म्हणून स्वतःवर खूश. ऑगस्टमध्ये दुपारचं ऊन पश्चिमेकडून थेट मण्यांवर आलं. त्या बाजूचे मणी तपकिरी झाले, ते निवडून टाकावे लागले, तिथवर ठीक. पण खरा हिशेब वाईनमध्ये दिसला. तिमोरास्सोमध्ये वय झालं की रॉकेलसारखा एक वास उतरतो. जर्मन रीसलिंगमध्ये येतो तोच. सालीतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून तो पदार्थ हळूहळू तयार होतो, आणि मण्यावर ऊन जास्त पडलं की जास्त होतो. पाच-सहा वर्षांनी मध, चकमकीचा दगड आणि मागे जरासं रॉकेल असं आलं तर लोक वाहवा करतात. माझ्या दोन ओळींची टाकी पहिल्याच वर्षी स्टोव्ह पेटवल्यासारखी वास मारत होती. मालकीणबाईंनी ती टाकी बाटलीत भरली नाही, सगळ्यात स्वस्त वाईनमध्ये थोडी थोडी मिसळून संपवली. मला बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र पानं काढायच्या दिवशी मला तळघरात टाक्या धुवायला पाठवलं.

तोडणी हा या वाणाचा खरा पेपर. सप्टेंबरचा मधला आठवडा, सकाळी साडेसहा, पानांवर दव. कात्री देठाला लावायच्या आधी दुसऱ्या हाताचा पंजा घडाखाली धरायचा, घड कापायचा नाही तर हातात उतरवून घ्यायचा, आणि क्रेट ओळीच्या बाजूला न ठेवता थेट झाडाखाली सरकवायचं. हे न करता कापलं की मणी पाचोळ्यावर पडतात, आणि तो आवाज, पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसा, एकदा ऐकलात की विसरत नाही. आजोबा दुसऱ्या ओळीत असले तरी तो आवाज ऐकून ओरडायचे. क्रेट अर्धंच भरायचं, कारण खालचे मणी फुटले तर रस तिथेच आंबायला लागतो. मणीगळीमुळे तारीख ठरवणंही अवघड: चार दिवस थांबलं तर सुगंध वाढतो आणि माल जमिनीवर जातो. दर वर्षी नवरा म्हणायचा आज तोडू, बायको म्हणायची सोमवारी. तीनही वर्षं सोमवारीच तोडणी झाली.

तळघरातलं काम तुलनेने साधं. रस काही तास सालींसोबत थंड ठेवतात, कोणी तो वेळ दोन-अडीच दिवसांपर्यंत नेतं, मग हलका दाब देऊन गाळतात. यीस्ट विकतचं नाही. तोडणीच्या आठवडाभर आधी थोडी द्राक्षं आणून बादलीत आंबवायची, ती नीट चालली की तिचं विरजण मोठ्या टाकीला. लाकडी पिंप बहुतेक जण टाळतात. स्टील किंवा सिमेंटची टाकी, आणि मेलेल्या यीस्टचा गाळ तळाशी ठेवून अधूनमधून ढवळत निदान वर्षभर थांबायचं. सल्फर, म्हणजे वाईन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड, शून्य नसतं. युरोपात साखर न उरलेल्या सेंद्रिय पांढऱ्या वाईनला एकूण सल्फर लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, साध्या पांढऱ्याला २००. चांगली वायनरी यापेक्षा पुष्कळ खाली राहते. तिमोरास्सोला ते परवडतं, कारण याचा आंबटपणा दणकट असतो, आणि पीएच खाली असला की थोडं सल्फरही जास्त काम करतं. एक बारीक गोष्ट: युरोपात ‘सेंद्रिय वाईन’ हा शब्द लेबलवर लिहायला २०१२ पासूनच परवानगी आहे. त्याआधी फक्त ‘सेंद्रिय द्राक्षांपासून’ एवढंच लिहिता यायचं, तळघरातल्या कामाला नियमच नव्हते.

वर्षभर थांबायचं म्हणालो, ते लिहायला सोपं आहे. मजुरी आज द्यायची, ट्रॅक्टरचा हप्ता आज, आणि पैसे दीड वर्षाने. म्हणून बहुतेक जण कोवळ्या झाडांची वाईन ‘पिक्कोलो देरतोना’, म्हणजे धाकटी देरतोना, म्हणून लवकर विकतात, शिवाय थोडी बार्बेरा ठेवतात. आमच्याकडे घर चालायचं ते बार्बेरावर. ज्या वाणाने तिमोरास्सोला हुसकावलं तोच आता त्याचा खर्च उचलतो, हे मला फार आवडतं. दाराशी येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाईनसोबत मोन्तेबोरे चीज द्यायचे, तेही त्याच डोंगरातलं, गाय आणि मेंढीच्या दुधाचं, तीन चकत्या एकावर एक ठेवून लग्नाच्या केकसारखं उतरतं केलेलं. तेही मधल्या काळात बनायचं बंद झालं होतं आणि १९९९ च्या सुमारास पुन्हा सुरू झालं. त्या चिजाचा एक तुकडा आणि पाच वर्षांची तिमोरास्सो यासाठी मी पुन्हा टाक्या धुवायला जाईन.

आज मला काळजी वाटते ती उलट कारणाने. भाव चढला, बाहेरची मोठी घराणी आली, जमिनीच्या किमती वाढल्या, आणि लोक आता तिमोरास्सो अशा सपाट, भारी जमिनीतही लावू लागलेत जिथे जुन्या माणसांनी मका लावला असता. असल्या जमिनीत जोर आणखी वाढतो, सेटिंग आणखी बिघडतं, म्हणून मग भरभरून सेटिंग देणारी निवड शोधायची, आणि ती पाणचट. वाण आहे तसाच राहील, बाटलीही मिळेल, आत मात्र आजोबांनी थुंकून टाकला असता तो मणी.

आता दिंडोरी. तिमोरास्सोला हिवाळ्यात खरी झोप लागते. पानगळ होऊन चार महिने झाड निपचित असतं, मार्च-एप्रिलमध्ये आपणहून फुटतं. आपलं झाड झोपतच नाही. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काड्या तयार करतो, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून माल घेतो. म्हणजे झाडाला वर्षातून दोनदा उठवतो. ज्याचं तिकडेच सेटिंग लंगडं आहे, त्याचे घड आपल्या ढगाळ जून-जुलैत काडीत तयार होताना जिरून बाळी, म्हणजे घडाऐवजी नुसता तणावा, होण्याचीच भीती मला जास्त. शिवाय याची सगळी गंमत आंबटपणात आणि लांबलेल्या, थंड होत जाणाऱ्या पिकण्यात आहे. तिकडे पिकताना रात्री गार होत जातात, आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस तापत जातो. वाईनचंच करायचं असेल तर शेनिन ब्लाँ आपल्याकडे रुळलीय, खरेदीदार आधी पक्का करा आणि मग लावा. आणि भाचीला सांगा, काड्या बॅगेत घालून आणू नकोस. परदेशी काडीला क्वारंटाइनची परवानगी लागते, आणि तो नियम आपल्या बागा वाचाव्यात म्हणूनच आहे. जुन्या वाणांचाच नाद असेल तर पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन त्यांचा वाणसंग्रह एकदा बघून या.

राहिली बाटली. तिच्यावर हंगामाचं वर्ष असेल. दोन-तीन वर्षांचीच असेल तर अजून दोन वर्षं गार, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा. मेमध्ये स्वयंपाकघरातल्या फळीवर नको, त्यापेक्षा फ्रीजचा भाजीचा कप्पा बरा. उघडाल तेव्हा बर्फासारखी गार करू नका, नाहीतर फक्त आंबट लागेल. फ्रीजमधून काढून वीस मिनिटं टेबलावर राहू द्या. अर्धी पिऊन बूच लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. मला तरी ती दुसऱ्या दिवशीच जास्त आवडते. सोबत तळलेलं पापलेट चालेल, भरलं वांगंही चालेल, शेंगदाण्याच्या कुटाशी तिचं बरं जमतं. फक्त तिखट बेतानं, कारण अल्कोहोल जवळजवळ चौदा टक्के असतं आणि मिरची त्याला पेटवते. रॉकेलचा वास आला तर भाचीला फोन करून बाटली खराब निघाली म्हणू नका. फार आला, तर समजा तिथेही कोणीतरी जुलैत पानं काढली होती.